बर्मिंगहॅमच्या कालव्यावर राहण्यासाठी नॅरोबोट घ्यावी का?

शाहूपुरीकर
माझी धाकटी मुलगी आणि जावई बर्मिंगहॅम येथे नोकरी करतात. घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे तेथील कालव्यावर राहण्याजोगी जुनी नॅरोबोट विकत घ्यावी, असे दोघांनी मनावर घेतले आहे आणि काही रक्कम आम्ही येथून पाठवावी, अशी त्यांची इच्छा आहे. पाहिलेली बोट पोलादी, 57 फूट लांब, 6 फूट 10 इंच रुंद आणि 1990च्या सुमारास बांधलेली आहे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की आम्ही कोल्हापूरकर बातम्यांवरून नजर हटवत नाही. त्यामुळे मुलीचे घरच पाण्यावर असणार, या विचाराने आमच्या सौ. धास्तावल्या आहेत. दोघांनाही रोज एकाच शहरात कामावर जायचे असताना हे कितपत जमेल आणि बोटीत काय पाहून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

मिडलँड्सवासी करवीरकर
काका, पुराची भीती काकूंनी बरीचशी सोडून द्यावी. कालव्याची पातळी राखलेली असते आणि बहुतेक ठिकाणी माणूस उभा राहू शकेल एवढेच पाणी असते. धोका असतो तो नदीला जोडलेल्या भागात आणि लॉकमध्ये (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारे असलेल्या हौदात), कारण लॉक रिकामे होत असताना बोटीचा मागचा भाग वरच्या दाराखालच्या दगडी उंबरठ्यावर अडकला, तर पाणी उतरत जाते, बोट कलंडते आणि बुडूही शकते.

माझ्या मते खरा प्रश्न बोटीचा नाही, ती बांधण्याच्या जागेचा आहे. तेथील बहुतेक कालवे ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या संस्थेकडे आहेत. कायमची जागा नसेल, तर 1995च्या कायद्यानुसार बोट एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चार हात पुढे सरकवून परत तेथेच आणली, तर तो प्रवास धरला जात नाही आणि परवान्याचे नूतनीकरण अडू शकते. शिवाय अशा फिरत्या बोटींच्या परवान्यावर एप्रिल 2024पासून अधिभारही लागतो. रोज ठरल्या वेळी कामावर जाणाऱ्या जोडप्याने म्हणूनच आधी मरिनातील, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या तळावरील, जागा पाहावी. तेथेही ती जागा राहण्यासाठी मंजूर आहे की केवळ बोट ठेवण्यासाठी, हे लेखी विचारावे. पत्ता, बँक, डॉक्टरांकडील नोंदणी हे सारे त्यावर अवलंबून असते. विकणाऱ्याची जागा बोटीबरोबर आपोआप मिळतेच असे नाही.

उद्यमनगरचा फॅब्रिकेटर
मी पत्र्यापुरते बोलतो. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि सर्व्हेअर आपण नेमावा, विकणाऱ्याचा जुना अहवाल चालवून घेऊ नये. बाजूचा पत्रा साधारणपणे 6 मिलिमीटरचा असतो. तो 4 मिलिमीटरच्या खाली गेला असेल, तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देताना हात आखडता घेतात. सरासरी जाडीवर समाधान मानू नका, सर्वांत खोल खड्डा किती आहे ते विचारा. पाण्याची रेघ असते तेथे हवा आणि पाणी दोन्ही लागत असल्याने पत्रा तेथेच जास्त खातो. वरून नवा पत्रा जोडलेला असेल, तर बोट जड होऊन खाली बसते आणि इंजिनखोलीच्या हवेच्या जाळ्या पाण्याच्या जवळ येतात, तेही पाहावे.

मरिनात किनाऱ्यावरील वीज घेतली, की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी एकमेकींशी जोडल्या जातात आणि आपला पत्रा गंजू लागतो. हे रोखणारे उपकरण, म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, बसवलेले आहे का, हे विचारायला विसरू नका.

शाहूपुरीकर
दोघांचेही आभार. पैसे पाठवण्याचे बँकेत विचारले. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा असल्याने तो प्रश्न येणार नाही. बोट घेतल्यानंतरचा खर्च आणि राहणीमान यांविषयी कोणी लिहील का?

मिडलँड्सवासी करवीरकर
परवाना, विमा आणि जागेचे भाडे दरवर्षी. सुरक्षा तपासणीचा दाखला दर चार वर्षांनी. आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला डांबरी लेप. यांत डिझेल, गॅस आणि शेगडीचा कोळसा मिळवा. पाण्याची टाकी आपणच भरायची आणि शौचालयाची पेटी आपणच नेमलेल्या ठिकाणी रिती करायची. मुंबईतील चाळीत राहिलेल्यांना याचे काही वाटणार नाही, पण जावईबापूंना विचारून ठेवा! हिवाळ्यात खिडक्यांवर आतून पाणी साचते म्हणून झडपा बंद करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण बंद बोटीत शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याचा अलार्म पहिल्याच दिवशी बसवावा.

मला विचाराल तर त्यांनी आधी जानेवारीत एखादी बोट भाड्याने घेऊन त्यातूनच कामावर जाऊन पाहावे. त्यानंतरही हौस टिकली आणि मरिनातील जागा लेखी मिळाली, तर सर्व्हेचा अहवाल येथे टाका. उद्यमनगरकर तो वाचतीलच.

शाहूपुरीकर
तसेच कळवतो. जागेचे लेखी उत्तर येईपर्यंत इसाऱ्याची रक्कम देऊ नये, असे मुलीला आजच सांगतो.