मदत हवी आहे: कृष्णधवल फोटोत आभाळ गडद केलं की झाडाभोवती पांढरी रेघ येते

मंडळी, एका फोटोवर चार दिवस अडकून पडलेय. जाणकारांनी वाट दाखवावी.

उतारावर एकटं निष्पर्ण झाड, मागे निळं आभाळ आणि एका बाजूने चढत आलेले ढग. तिथे उभी असताना छातीवर दडपण येत होतं. फोटो कृष्णधवल केला आणि निळा, पांढरा दोन्ही सारखेच करडे झाले. १९२७ साली अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी योसेमिटीतल्या हाफ डोम या डोंगराचा कडा टिपताना आधी पिवळा फिल्टर लावला होता. मनातलं आभाळ त्यात उतरणार नाही हे जाणवल्यावर उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी (फिल्मसारखी वापरायची काच) गडद लाल फिल्टर लावला आणि आभाळ जवळजवळ काळं आलं. मला तेच वजन हवंय.

म्हणून लाइटरूम या फोटो-संपादन ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये (कुठला रंग कृष्णधवलात किती उजळ किंवा गडद दिसावा ते ठरवणारे स्लायडर) निळ्याचा स्लायडर उणे ८० वर नेला. लांबून छान दिसतं. १०० टक्के झूम केलं की बारीक डहाळ्यांना खडूने गिरवल्यासारखी पांढरी रेघ दिसते. ढगांमधलं आभाळ रव्यासारखं खरखरीत झालंय, आणि क्षितिजाकडे छटा सलग न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. जेपेगवर काम केलंय, रॉ फाइलही (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) आहे. काय चुकतंय?

प्रतिसाद १

आधी जेपेग सोडा. त्यात प्रत्येक रंगाच्या चॅनलला उजेडाच्या २५६ पातळ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. एवढी ओढाताण जेपेगला झेपत नाही, पायऱ्या त्यामुळेच.

रेघेचं कारण वेगळं आहे. डहाळीच्या कडेचा पिक्सेल अर्धा झाडाचा, अर्धा आभाळाचा असतो. तो पुरता निळा नसल्यामुळे स्लायडर त्याला नीट धरत नाही. शेजारचं आभाळ काळं होतं आणि तो उजळच राहतो. लेन्समुळे जांभळी झालर आली असेल तर अजूनच. खरखरही तशीच: मिक्स रंग बघून उजेड ठरवतो, त्यामुळे रंगातला नॉइज (विखुरलेले रंगीत ठिपके) उजेडात उतरतो. म्हणून झालर आणि रंगाचा नॉइज आधी काढा, मग मिक्सला हात लावा.

निळा उणे ३० च्या आसपास थांबवा. क्षितिजाजवळचं आभाळ ॲक्वा (हिरवट निळा) या रंगात मोडतं, तोही सोबत थोडा खाली घ्या. उरलेलं काम मास्कने (फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून) करा. आणि सगळंच आभाळ काळं करू नका! ढगांच्या पोटातल्या सावल्या कमी फ्लोच्या (एका फटक्यात थोडाच परिणाम करणाऱ्या) ब्रशने हळूहळू गडद करा, उन्हाची कड तशीच राहू द्या. दडपण त्या फरकातून येतं.

प्रतिसाद २

तरी रेघ उरलीच तर फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प (एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणारं साधन) डार्कन मोडवर (फक्त उजळ पिक्सेल गडद करतो) ठेवून शेजारचं आभाळ कडेवर फिरवा. झाड आभाळापेक्षा गडद आहे, त्याला धक्का लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रॉपासून पुन्हा केलं. पायऱ्या गेल्या, खरखर जवळपास नाही. डाव्या फांदीला खरंच जांभळी झालर होती, रंगीत फोटोत माझ्या लक्षातच आली नव्हती! तिथे अजून पुसट रेघ आहे, आज रात्री क्लोन स्टॅम्प फिरवते. एकच विचारायचंय: आभाळ एवढं उतरवल्यावर उताराचं गवत फार उजळ वाटतंय. तेही खाली घ्यावं, की झाड उठून दिसायला तसंच ठेवावं?