सेप्सिसमध्ये फक्त सुजलेल्या रक्तवाहिनीतलं नायट्रिक ऑक्साईड बंद करता येतं का?

एमफार्म_दुसरं_वर्ष:
मंडळी, सेमिनारला सेप्टिक शॉक घेतलाय. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भडकलं की, रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साईड बेसुमार बनतं, वाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं आणि बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन चढवूनही वर येत नाही, इथपर्यंत कळलं. मग ते बनवणारं एन्झाइमच बंद करायचं ना सरळ? उंदरांवरचे पेपर तर भारी दिसतात. गाईड म्हणाले "शोध" आणि गेले चहाला.

आयसीयू_नाइटवाला:
करून झालंय रे. एल-एनएमएमए म्हणून हे एन्झाइम अडवणारं औषध होतं, ७९७ पेशंटची ट्रायल, २००४ ला छापून आली. बीपी मस्त वर आलं, पण २८ दिवसांत औषधवाल्या गटात ५९ टक्के गेले आणि प्लासिबोवाल्यांत ४९. मध्येच थांबवावी लागली. फुफ्फुसातलं प्रेशर वाढलं, हार्ट दमलं. मॉनिटरवरचा आकडा सुधारला म्हणजे पेशंट सुधारला असं नसतं, हे आमच्याकडेही रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

कल्चरहूडवाली:
कारण एन्झाइम एक नाहीये. मज्जातंतूंमधलं सोड, पण ईनॉस आणि आयनॉस ही नायट्रिक ऑक्साईड बनवणारी दोन एन्झाइम वेगळी धर. ईनॉस वाहिनीच्या आतल्या अस्तरात कायम असतं, कॅल्शियम वाढलं की थोडं थोडं बनवतं, वाहिनी मोकळी ठेवतं, प्लेटलेट चिकटू देत नाही. आयनॉस एरवी जवळपास नसतंच, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), टीएनएफ (सूज पेटवणारं प्रथिन) वगैरे आले की काही तासांत तयार होतं आणि मग कॅल्शियमला न विचारता चालूच राहतं. एल-एनएमएमए आर्जिनिनची, म्हणजे या एन्झाइमांच्या कच्च्या मालाची, नक्कल करून दोघांनाही अडवतं, तिथेच घात झाला. १४००डब्ल्यू नावाचं रसायन बरंच निवडक आहे, मुख्यतः आयनॉसलाच अडवतं, पण ते लॅब आणि प्राण्यांपुरतंच.

आणि प्रयोग करणार असशील तर माणसाच्या नाळेच्या रक्तवाहिनीतल्या अस्तरपेशी घेऊन टीएनएफ टाकून ग्रीस टेस्टला (नायट्राइट ओळखणारी रंगाची चाचणी) गुलाबी रंग येईल म्हणून बसू नकोस, त्यांच्यात आयनॉस फारसं येत नाही, उलट ईनॉसचाच एमआरएनए (ते बनवायचा जनुकीय निरोप) घटतो. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) आयनॉस छान दिसतं. पेशी वाढवायच्या आरपीएमआय मीडियमात मुळातच नायट्रेट असतं, एकूण नायट्रेट-नायट्राइट मोजलंस तर प्लेटमधला पेशी नसलेला खळगाही भरलेला दिसेल.

एमफार्म_दुसरं_वर्ष:
बापरे, थँक्यू ताई! मग औषध सुजलेल्याच पेशीपर्यंत पोचवलं तर?

कल्चरहूडवाली:
कल्पना चांगलीये. सूज आली की अस्तरावर ई-सिलेक्टिन नावाचं प्रथिन उगवतं, त्याला चिकटणारी अँटीबॉडी लायपोसोमवर (चरबीच्या सूक्ष्म पिशवीवर) लावून आत औषध भरायचं. पण शॉकमध्ये बरंच नायट्रिक ऑक्साईड अस्तराखालच्या स्नायूपेशींतून येतं आणि सूज तर अंगभर असते, मग "फक्त तिथेच" म्हणजे नेमकं कुठे? शिवाय वेळेची बोंब. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधी दिलं तर आयनॉस बनूच देत नाही, एकदा बनल्यावर त्याला थांबवत नाही.

आयसीयू_नाइटवाला:
आणि पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा ते बनूनच गेलेलं असतं. म्हणून कधीकधी मिथिलीन ब्लू देतो, ते मुख्यतः पुढच्या पायरीवर, म्हणजे नायट्रिक ऑक्साईड ज्याच्यामार्फत वाहिनी सैल करतं त्या ग्वानिलेट सायक्लेज एन्झाइमवर काम करतं. नातेवाइकांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर युरिन बॅग हिरवीनिळी बघून धावत येतात.