पत्र्यांची धूळ खोकून निघत नाही

वर एकांनी लिहिलंय की सिमेंटच्या पत्र्यांची धूळ इतर धुळीसारखीच, खोकून निघून जाते. हे अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितेय.

साधी धूळ फुप्फुसातल्या रक्षक पेशी गिळून टाकतात. या पत्र्यांत मिसळलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचा तंतू मात्र त्या पेशीपेक्षाही लांब असू शकतो. ती त्याला अर्धवट गिळते, पचवता येत नाही, आणि तिच्यातली दाहक रसायनं आजूबाजूला सांडतात. ती मरते, दुसरी येते, तिचंही तेच. तंतू काही विरघळत नाही, त्यामुळे दाह वर्षानुवर्षं धुमसतो आणि डागडुजी म्हणून तिथे कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट प्रथिन-धागे, साचत जातं. फुप्फुस ताठरतं. धाप लागायला लागते ती बहुधा १०-२० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, काम सुटल्यानंतरही. हे व्रण परत मऊ होत नाहीत.

आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या एका बोळात, परवा जुने पत्रे ग्राइंडरने कोरडेच कापत होते. पोराच्या भुवया पांढऱ्याफटक, तोंडाला नुसता रुमाल. रुमालाने हे तंतू अडत नाहीत हो! शाबूत पत्र्याखाली राहण्यात धोका त्यामानाने फार कमी. खरा घात कापण्या-फोडण्यात. पत्रा भिजवून अख्खा उतरवा, कोरडा झाडू मारू नका.

ज्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलंय त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी मालकाने किमान ४० वर्षं ठेवायच्या आहेत. त्या मागून घ्या. आणि विडी-सिगारेट आजच सोडा, धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.