मदत हवी आहे : डेबियन सुरू होताना डेस्कटॉप आपोआप यायला नको

नमस्कार मंडळी,

जुन्या लॅपटॉपवर (रॅम २ जीबी) डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आहे. तो आता राउटरशेजारच्या फळीवर असतो. घरातले फोटो सांबावरून (नेटवर्कवर फाइल्स वाटणारा प्रोग्रॅम) सगळ्यांना दिसावेत, एवढंच त्याचं काम. स्क्रीनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, तरी चालू केला की लाइटडीएमची (डेस्कटॉपचं लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम) लॉगिन खिडकी हजर! आधीच रॅम तुटपुंजी, त्यात हे फुकटचं ओझं. सुरुवातीला नुसतं काळं टर्मिनल (फक्त अक्षरी कमांडचा पडदा) यावं. मात्र डेस्कटॉप काढून टाकायचा नाहीये, फोटो निवडायला अधूनमधून लागतो.

एका जुन्या लेखात इनिटटॅब फाइलमध्ये (सुरू होताना काय चालवायचं ते ठरवणारी जुनी फाइल) ५ चा ३ करा असं दिलंय. माझ्याकडे ती फाइलच नाही. दुसरीकडे सांगतात, लाइटडीएम अनइन्स्टॉल करा. नेमकं काय करू?

प्रतिसाद : तो लेख रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांचा असणार. डेबियनमध्ये रनलेव्हल (सुरू होण्याचे क्रमांकित प्रकार, तो ५ आणि ३ म्हणजे हेच) २ ते ५ तसेही सारखेच असायचे, आणि २०१५ च्या जेसीपासून (डेबियन ८) सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा नवा प्रोग्रॅम) आल्यावर इनिटटॅबचा विषयच संपला. अनइन्स्टॉल काही करू नका. रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) होऊन एवढंच द्या (टंकताना अर्थात रोमनमध्ये) :

सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टि-यूजर.टार्गेट

रीबूट केलं की टर्मिनल. डेस्कटॉप हवा तेव्हा 'सिस्टमसीटीएल स्टार्ट लाइटडीएम', काम झालं की स्टार्टच्या जागी 'स्टॉप'. पण स्टॉप देण्याआधी उघड्या फाइल्स सेव्ह करा, सगळं एका फटक्यात बंद होतं. कायमचं पूर्ववत करायचं तर सेट-डिफॉल्टपुढे ग्राफिकल.टार्गेट.

धाकधूक वाटत असेल तर आधी एकदाच करून बघा. ग्रबच्या (चालू करताच येणारा बूट मेनू) मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टमडी.युनिट=मल्टि-यूजर.टार्गेट जोडा आणि एफ१० दाबा. पुढच्या बूटला सगळं पहिल्यासारखं.

प्रतिसाद : वर सांगितलंय ते बरोबर, पण खरी गंमत रीबूटनंतर असते. वायफायचा पासवर्ड फक्त तुमच्या यूजरपुरता साठवलेला असेल तर डेस्कटॉपवर लॉगिन होईपर्यंत नेटवर्क जोडलंच जात नाही, आणि मग सांबा कसला नि एसएसएच (दुसऱ्या कंप्युटरवरून टर्मिनल वापरायची सोय) कसलं! आधीच नेटवर्क कनेक्शनच्या 'जनरल' टॅबमध्ये 'सर्व यूजर' वर टिक करा. केबल लावलीत तर उत्तमच.

शिवाय झाकण लावून ठेवणार असाल तर लॉगाइंडी.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये हँडललिडस्विच=इग्नोर करा, नाहीतर लॅपटॉप झोपी जाईल.

धागाकर्ता : झालं! टर्मिनल येतंय, वायफायही आपसूक जोडलं जातंय. टिक खरंच नव्हती. फक्त फोल्डरची मराठी नावं टर्मिनलवर चौकोन-चौकोन दिसताहेत. फाइल्स बिघडल्या का?

प्रतिसाद : नाही हो, फाइल्स धडधाकट आहेत. लिनक्सच्या कन्सोलला (म्हणजे त्या काळ्या टर्मिनलला) देवनागरी दाखवता येत नाही. दुसऱ्या कंप्युटरवरून एसएसएचने शिरा, तिथल्या टर्मिनलला देवनागरी येत असेल तर नावं दिसतील.