पाठीवर ओझे असताना गियर कुणी ठरवायचा? पिकअप ट्रकच्या स्वयंचलित गियरबॉक्सविषयी

चढउतार (धागा सुरू करणारे)

गेली सहा वर्षे मी स्वयंचलित गियरबॉक्सचा पिकअप ट्रक चालवत आहे. त्यातील बहुतेक फेऱ्या मागे ट्रेलर जोडून किंवा हौद्यात माल भरून झाल्या आहेत. एवढ्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की या गाड्यांच्या गियरबॉक्सची मूळ मांडणीच रिकाम्या गाडीचा विचार करून केलेली असते आणि ओझ्याचा विचार नंतर, एका बटणापुरता केला जातो.

लांबलचक, एकसारख्या चढावर ताशी ८० किलोमीटरला क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप राखणारी सोय) लावून मी इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा पाहत बसलो होतो. काटा सुमारे १६०० फेऱ्यांवर होता. वेग हळूहळू तीन-चार किलोमीटरने उतरला, गाडी क्षणभर दबल्यासारखी झाली आणि मग गियरबॉक्सने एकदम दोन गियर खाली टाकले. काटा २४०० वर गेला, आवाज चढला, गेलेला वेग परत मिळाला आणि तो मिळताच पुन्हा वरचा गियर पडून काटा १६०० वर आला. चढ तोच, ओझे तेच, पण त्या एका चढावर हा खेळ मी सात वेळा मोजला. चढ संपलेला नाही हे मला समोर दिसत होते. गियरबॉक्सला ते दिसत नसेल, पण दहा सेकंदांपूर्वी याच गियरमध्ये दम पुरला नव्हता एवढे तरी त्याने लक्षात ठेवायला हवे होते.

गियर खाली पडण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण चढावर तो पडायलाच हवा. तो लगेच परत वर का जातो, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रत्येक वेळी गियर बदलताना एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो, त्या घसरणीत उष्णता तयार होते, आणि ओझ्याखाली ती दुपटी-तिपटीने सोसावी लागते. माल वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीत ओझे ओळखून गियर धरून ठेवणे हीच मूळ वागणूक असावी आणि इंधन वाचवण्याची घाई चालकाने मागितली तरच मिळावी, असे माझे म्हणणे आहे.

दंतचक्र

तुमचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत.

फोर्डच्या दहा गियरांच्या पेटीची, म्हणजे गियरबॉक्सची, गुणोत्तरे (बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे किती) उदाहरणादाखल घेऊ. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी दहा गियरांच्या पेट्या एकत्र विकसित करण्याचे २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१७ च्या एफ-१५० मध्ये ती पिकअपमध्ये आली. तिचा सहावा गियर १.२७५, सातवा १.०००, आठवा ०.८५४ आणि दहावा ०.६३६ आहे. मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर ३.५५ आणि चाकाचा घेर अडीच मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिनचे फेरे दहाव्यात सुमारे १२००, आठव्यात १६००, सातव्यात १९०० आणि सहाव्यात २४०० येतात. तुमच्या काट्याचे आकडे याच्याशी जुळतात.

आता गाडी आणि ट्रेलर मिळून ५००० किलो आणि चढ ६ टक्के धरा. केवळ चढ चढण्यासाठी साधारण ६५ किलोवॅट शक्ती लागते, हवेचा व चाकांचा विरोध वेगळाच. ही शक्ती दहाव्या गियरमध्ये द्यायची तर इंजिनला ५१७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचे बळ) द्यावा लागेल, आठव्यात ३८४ आणि सहाव्यात २५७. म्हणजे चढ किंचित सौम्य झाला की आठवा गियर पुरतो आणि किंचित तीव्र झाला की पुरत नाही. तुम्ही नेमके त्या सीमारेषेवर होता आणि डोळ्यांना एकसारखा वाटणारा चढ क्वचितच खरोखर एकसारखा असतो.

हीच गोष्ट जुन्या पेटीत कशी झाली असती? जनरल मोटर्सची १९६४ ची टर्बो हायड्रामॅटिक ४०० तीन गियरांची होती, २.४८, १.४८ आणि १.००. तिच्यात तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना फेरे १९०० वरून थेट २८०० वर उडी मारत. आज आठव्यातून सातव्यात जाताना फरक १७ टक्क्यांचा असतो. गियर जास्त वेळा बदलतात हे खरे, पण प्रत्येक बदल लहान असतो आणि म्हणून त्या क्लचवर पडणारे कामही कमी असते. बदलांची संख्या मोजून झीज मोजता येत नाही.

इंधनाच्या मुद्द्याला घाई म्हणणेही मला पटत नाही. तीच शक्ती कमी फेऱ्यांत आणि जास्त भाराने काढली तर इंजिनचे घर्षण कमी आणि पेट्रोल इंजिनमध्ये हवा ओढण्याचा खर्चही कमी. पिकअप ट्रक आयुष्यात बराच काळ रिकामाच धावतो, म्हणून मूळ मांडणी रिकाम्या गाडीची असणे हाच शहाणपणा आहे. ओझ्यासाठी टो-हॉल मोडचे बटण दिलेले आहे. ते दाबले की गियर वर जाण्याची रेषा, म्हणजे ज्या वेगाला तो बदलतो ती मर्यादा, पुढे सरकते, कन्व्हर्टरचा (इंजिनची शक्ती तेलातून पेटीकडे नेणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, जो दोन्ही बाजू थेट जोडून घसरण थांबवतो, लवकर पकडतो आणि उतारावर ब्रेक दाबताच खालचा गियर पडतो. तुम्ही ते दाबले होते का?

चढउतार

त्या दिवशी दाबले नव्हते, आणि हे मी लपवत नाही. नंतर दाबून तोच चढ पुन्हा चढलो तेव्हा गियर सातऐवजी दोनदा बदलला. पण यामुळे माझा मुद्दा पक्का होतो. चांगली वागणूक पेटीला येते, ती तिच्यात लिहिलेली आहे, फक्त कुलूपबंद ठेवलेली आहे. शिवाय माझ्या गाडीत इंजिन बंद केले की तो मोड आपोआप निघून जातो. दिवसभरात आठ ठिकाणी थांबून माल उतरवणाऱ्याने आठही वेळा आठवणीने बटण दाबायचे आणि विसरला तर दोष त्याचा, ही मांडणी मला न्याय्य वाटत नाही.

वंगण

मी गियरबॉक्स दुरुस्तीच्या कामात आहे आणि या वादात एक गोष्ट दोघांकडूनही निसटते आहे असे वाटते. गियर वारंवार बदलणे ही काही वेळा मांडणीची गोष्ट असते आणि काही वेळा बिघाडाची. दोन्हींची गल्लत झाली की माणूस चांगली पेटी उघडतो किंवा बिघडलेली तशीच चालवत राहतो.

मांडणीतला गियर बदल वारंवार झाला तरी स्वच्छ होतो. फेरे एका झटक्यात नव्या जागी जातात आणि तिथेच स्थिरावतात. बिघाडात फेरे आधी वर उडतात आणि गियर मागाहून पकडतो, किंवा पकडताना गाडीला मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. गियर बदललेलाच नसतो, लॉक-अप क्लच पकडतो आणि सोडतो, त्यामुळे काटा शे-दोनशे फेऱ्यांनी थरथरतो आणि रस्त्यावरच्या बारीक खाचांवरून गेल्यासारखी कंपने जाणवतात. चालक मला येऊन सांगतो की गियर सारखे बदलतात, आणि यंत्र जोडून पाहिले तर गियर एकच असतो.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. निरोगी तेल बहुधा लालसर, पारदर्शक पसरते. थेंबाच्या मधोमध काळपट ठिपका राहिला आणि करपलेला वास आला, तर क्लचचे अस्तर तेलात उतरू लागले आहे असे समजावे. केवळ रंग गडद झाला म्हणून मात्र घाबरू नये, काही तेले वापराने लवकरच तपकिरी होतात.

आणखी एक गैरसमज दूर करतो. 'गियरबॉक्स चालकाची सवय शिकतो' असे सर्रास म्हटले जाते. पेटी मुख्यतः शिकते ते स्वतःच्या क्लचविषयी, म्हणजे कोणता क्लच भरायला किती तेल आणि किती वेळ लागतो, दाब किती द्यावा. अस्तर झिजते तसे हे आकडे बदलतात आणि संगणक ते सांभाळून घेतो. व्हॉल्व्ह बॉडी (क्लचांना तेलाचा दाब वाटणारा भाग) बदलली किंवा हे आकडे पुसले की काही दिवस गियर आडमुठे पडतात, ते याचमुळे. काही गाड्या चालकाच्या पायाचा वेगही पाहतात, पण तो हिशेब निराळा आहे.

एवढे सांगून माझे मत देतो. उष्णतेविषयी धागाकर्त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. चढावर तेल तापते ते मुख्यतः कन्व्हर्टर उघडा, म्हणजे लॉक-अप न पकडता, राहिल्यामुळे. शंभर किलोवॅट त्यातून जात असताना दहा टक्के घसरण झाली, तर दहा किलोवॅट सतत तेलात मुरत असतात. त्यापुढे एखाद्या गियर बदलाची उष्णता फार थोडी असते. म्हणून गियर किती वेळा बदलतो याहून कन्व्हर्टर लॉक राहतो की नाही हे पाहणे महत्त्वाचे आहे.

उतारवाट

सगळी चर्चा चढाची चालली आहे, माझी काळजी उताराची आहे. चढावर गियर चुकला तर गाडी मंदावते, उतारावर चुकला तर जीवाशी गाठ असते.

५००० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास २५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हवा आणि चाके काही भाग घेतात, उरलेली इंजिनने घ्यावी नाहीतर ब्रेकने. अशा वेळी चालक पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढतो. गियर बदलाचा साधा नकाशा पायाचा दाब आणि गाडीचा वेग या दोनच गोष्टींवर आखलेला असतो, त्यामुळे पाय उचलला म्हणजे भार नाही असा अर्थ घेऊन पेटी वरचा गियर टाकते. ज्या क्षणी इंजिनने गाडी धरायला हवी, त्याच क्षणी ते हात सोडते. एका उताराच्या तळाशी मी गाडी थांबवली तेव्हा चाकांतून धूर नव्हता, पण करपल्याचा वास होता आणि पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली जात होते. तेव्हापासून उतार सुरू होण्याआधीच मी हाताने खालचा गियर टाकतो. दंतचक्र यांचे बटण मला मान्य आहे, पण सुरक्षिततेची गोष्ट बटणावर सोडू नये.

दंतचक्र

उतारवाट यांच्याशी माझे जवळजवळ पूर्ण एकमत आहे. अलीकडच्या अनेक पेट्या पाय उचललेला असतानाही वेग वाढतो आहे हे पाहून उतार ओळखतात आणि वरचा गियर रोखतात, पण सगळ्या नाही, आणि ओळखायला लागणारे चार-सहा सेकंद ओझ्याच्या गाडीत फार असतात. उतारावर गियर धरून ठेवणे ही मूळ वागणूक असावी, हे मी मान्य करतो.

चढाबाबत मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. वर जाण्याच्या आणि खाली येण्याच्या रेषांमध्ये अंतर ठेवलेलेच असते. ते कायमचे वाढवले, तर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर विनाकारण खालच्या गियरमध्ये ओरडत राहील आणि मग 'ही पेटी वरचा गियर टाकतच नाही' अशी तक्रार येईल. दोन्ही तक्रारी एकाच नकाशाने मिटत नाहीत.

चढउतार

वंगण यांनी दाखवलेली चूक मी स्वीकारतो. पुढच्या फेरीत मी फेऱ्यांच्या काट्याबरोबर तेलाच्या तापमानाचाही आकडा पाहीन.

दंतचक्र यांना मात्र एवढेच विचारतो की नकाशा एकच का असावा? इंजिन किती टॉर्क देत आहे हे संगणकाला ठाऊक असते आणि गाडी किती वेग घेत आहे हेही. दोन-चार वेळा थांबून निघाले की या दोन आकड्यांवरून वस्तुमानाचा अंदाज निघतो. ट्रेलरची तर विजेची जोडणीच असते, ती लागली की गाडीला कळते. हौद्यातल्या मालाला तशी तार नसते, म्हणून तो अंदाज हवा. ओझे आहे असे दिसले की रेषांमधले अंतर वाढवावे आणि माल उतरला की पूर्ववत करावे. यात रिकाम्या गाडीचे काही बिघडत नाही.

कमी फेऱ्या आणि जास्त भार नेहमीच लाभाचा, हेही सरसकट खरे नाही. थेट इंधन फवारणीच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत याच अवस्थेत ठिणगीपूर्वीच पेट घेण्याचा धोका असतो आणि तो पिस्टन फोडू शकतो.

दंतचक्र

वस्तुमानाच्या अंदाजाची कल्पना योग्य आहे, अडचण चढाची आहे. चढावर हळूहळू वेग घेणारी रिकामी गाडी आणि सपाटीवर हळूहळू वेग घेणारी भरलेली गाडी केवळ टॉर्क आणि वेगवाढ पाहून सारखीच दिसते. उताराचा कोन मोजणारा संवेदक सोबत असेल तर हा गोंधळ सुटतो, आणि चढावर गाडी घसरू नये म्हणून तो अनेक गाड्यांत आधीच बसवलेला असतो. त्यामुळे होणार नाही असे मी म्हणत नाही. पण अंदाज चुकला तर हाताशी काहीतरी हवे, म्हणून बटण काढू नये. इंजिन बंद केल्यावर ते विसरले जाऊ नये ही तुमची मागणी मात्र आजच मान्य होण्यासारखी आहे, तिला नवा संवेदकही लागत नाही.

वंगण

धागाकर्त्यांनी तापमान पाहताना एक करावे. तोच चढ, तेच ओझे आणि तोच वेग ठेवून एकदा आठव्या गियरच्या वर जाऊ न देता आणि एकदा सातव्याच्या वर जाऊ न देता गाडी न्यावी, आणि दोन्ही वेळा चढाच्या माथ्यावरचा आकडा लिहून ठेवावा. सुरुवातीला तेलाचे तापमान दोन्ही वेळा सारखे असल्याशिवाय तुलना करू नये. आकडे इथे लिहा, मग कन्व्हर्टरविषयी माझे म्हणणे टिकते की नाही ते पाहू.