साइन लँग्वेजला मराठीत काय म्हणायचं? खाणाखुणा, सांकेतिक भाषा की करपल्लवी?

मूळ प्रश्न

मंडळी, जरा मदत हवीय. २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय साइन लँग्वेज दिवस असतो (२०१८ पासून पाळतात), त्यानिमित्त आमच्या वाचनालयात छोटा कार्यक्रम ठेवतोय, दोन तास ओळख, थोडं शिकणं, मग चहा. फळ्यावर सूचना लिहायची तर घोडं शब्दापाशीच अडलंय. एकाने लिहून आणलं 'मूकबधिरांच्या खाणाखुणा शिका', दुसरा म्हणतो 'सांकेतिक भाषा' लिहा सरकारी कागदावर तेच असतं, तिसऱ्याला 'चिन्हभाषा' हवाय. मला सांकेतिक म्हटलं की हेरगिरी आठवते. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद

करपल्लवी! अहो इतका देखणा शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधताय. नेत्रपल्लवी सगळ्यांना माहितीय, तिची ही बहीण मात्र विसरलो आपण. गोंधळ्यांच्यात करपल्लवी असायची, एक जण तुमच्याकडून कानात नाव ऐकणार, लांब उभ्या असलेल्या जोडीदाराकडे बघून नुसती बोटं हलवणार आणि तो तिकडून खणखणीत आवाजात नाव सांगणार, लोक चाट पडायचे. माझं मत करपल्लवीला.

प्रतिसाद

करपल्लवी शब्द गोडच आहे पण तो वेगळ्या वस्तूचा आहे हो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझा धाकटा भाऊ जन्मापासून डेफ, त्यामुळे घरात रोजची भाषा हीच.

करपल्लवीची ती ओळ ऐकली असेल, 'अहिफण कमल चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार'. हाताची सापाची फणा केली की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, असं शेवटी श पर्यंत. मग बोटांनी वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं आणि चुटक्या वाजवून मात्रा. डोकं आहे त्यात, वादच नाही. पण बघा, ही सगळी मराठी-हिंदीच आहे, फक्त तोंडाऐवजी बोटांतून आलेली. ज्याला आधी मराठी येत नाही त्याला करपल्लवीही येणार नाही. (आणि चुटकी ऐकू यायला लागते, हा भाग वेगळाच!)

भारतीय साइन लँग्वेजमध्ये अशी अक्षरं आहेत, इंग्रजी एबीसीडी दोन हातांनी करतात, पण ती लागतात माणसाचं नाव, गावाचं नाव, एखादा नवा शब्द सांगायला. बाकी संपूर्ण भाषा त्याच्या बाहेर आहे. नाकपुडीच्या बाजूला, चमकी असते तिथे बोट टेकवलं की बाई, ओठावर मिशी दाखवली की पुरुष. आता 'लग्न' ही खूण घ्या, आधी मिशी आणि मग लग्न म्हणजे नवरा, आधी चमकी मग लग्न म्हणजे बायको. हे मराठीचं भाषांतर नाहीये, त्यांची स्वतःची शब्द घडवायची रीत आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी, म्हणजे आपण 'कोण आजारी आहे?' विचारतो तिथे 'आजारी कोण'. आणि ज्या प्रश्नाला उत्तर नुसतं हो किंवा नाही असतं त्याला वेगळा शब्दच लागत नाही, डोळे मोठे करून डोकं जरा पुढे आणायचं, झाला प्रश्न. चेहरा नसेल तर तेच हात साधं विधान करतात. म्हणून नवशिके जेव्हा हातांकडेच बघत बसतात तेव्हा अर्धं व्याकरण हुकतं.

मला सगळ्यात आवडते ती जागेची गंमत. समजा मामा इथे नाहीये. एकदा 'मामा' करून उजवीकडच्या हवेत बोट दाखवलं की ती जागा त्या गप्पांपुरती मामाची, आजीला डावीकडे बसवा. आता 'देणे'ची खूण उजवीकडून डावीकडे नेली की मामाने आजीला दिलं, उलट नेली की आजीने मामाला. ने, ला, हे सगळं प्रत्ययांचं काम हात कुठून निघाला आणि कुठे पोचला यानेच होतं. हे खाणाखुणांत जमेल का? खाणाखुणा आपण गाडीच्या काचेतून करतो, 'फोन कर', 'पाणी आण', तेवढ्यापुरत्या. माझा भाऊ जीएसटीवर वाद घालतो आणि जिंकतो.

उपप्रतिसाद

वा, सुंदर लिहिलंत. पण एक भाबडी शंका, ही भाषा जगभर एकच का नाही ठेवली? मग तर सगळ्यांनीच शिकली असती.

प्रतिसाद

'ठेवली' म्हणजे कोणी ठेवायची 😄 सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली एस्परांतो भाषा ठेवली होती की, काय झालं तिचं?

कोणी बनवून वाटलेली नाहीये, जिथे डेफ लोक एकत्र आले तिथे ती झाली. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी राजधानी मनाग्वामध्ये डेफ मुलांची शाळा निघाली, तोवर पोरं आपापल्या घरी एकटी होती, शाळेत शिकवायचे ओठ वाचून स्पॅनिश बोलायला, पण पोरांनी मैदानात आणि बसमध्ये स्वतःची भाषा उभी केली आणि पुढच्या लहान मुलांनी ती आणखी पक्की केली. भाषाशास्त्रज्ञ नंतर पोचले.

आणि बोलभाषेशी संबंध नाही याचा हुकमी पुरावा हवा तर अमेरिका आणि ब्रिटन घ्या. दोन्हीकडे बोलायला इंग्रजीच ना? पण अमेरिकन आणि ब्रिटिश डेफ माणूस समोरासमोर आले तर एकमेकांचं कळत नाही. अमेरिकेची भाषा फ्रेंच साइनच्या नात्यातली, कारण १८१७ मध्ये तिथल्या हार्टफर्ड गावात डेफ मुलांची शाळा सुरू झाली तिथे लोराँ क्लेर हा फ्रेंच डेफ शिक्षक होता. उलट भारत-पाकिस्तानच्या साइनमध्ये इतकं साम्य की अभ्यासक पुष्कळदा दोन्हींना एकच भाषा धरतात. फाळणी तिकडे पोचलीच नाही म्हणायची.

प्रतिसाद

भाषा म्हणून मान मिळायलाच केवढी वर्षं गेली ते पण लिहा कोणीतरी. १८८० ला इटलीत मिलानमध्ये डेफ मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिने ठराव केला की शाळेत फक्त बोलणं शिकवायचं, हात बंद. मग जगभर, आपल्याकडेही, हात हलवला की पट्टी. १९६० ला अमेरिकेत विल्यम स्टोकी या अभ्यासकाने दाखवून दिलं की खुणांचेसुद्धा घटक पडतात, हाताचा आकार, जागा, हालचाल, जसं आपण क, ख, ग पाडतो. आपल्याकडे दिल्लीत २०१५ ला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं, त्यांच्या २०१८ च्या पहिल्या कोशात ३,००० शब्द होते, २०२१ च्या आवृत्तीत १०,०००. आणि २०२३ ला सारा सनी या डेफ वकील दुभाष्याच्या मदतीने सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या. खाणाखुणांवर कोर्ट चालतं का सांगा.

प्रतिसाद

सूचनेतला 'मूकबधिर' तेवढा काढा बुवा. बहुतेकांचा गळा, जीभ, सगळं ठणठणीत असतं, ऐकू येत नाही म्हणून बोली भाषा कानावर पडत नाही इतकंच. मुका कुठून आला त्यात? नुसतं 'बधिर' लिहिलं तर आपल्याला दाताच्या डॉक्टरची सुई आठवते, म्हणून कर्णबधिर ठीक. पण माझ्या ओळखीतले तरुण स्वतःला डेफच म्हणवतात, तोही आता मराठी शब्द झालाय.

मूळ प्रश्नकर्ता

बरं, मग असं लिहू का: 'चला, भारतीय साइन लँग्वेज शिकूया', आणि खाली बारीक अक्षरात 'भारतीय सांकेतिक भाषा'? करपल्लवीवाल्यांनी रागावू नये. शिकवायला एक डेफ ताई येणारेत आणि सोबत दुभाषी. आणखी काय लक्षात ठेवू? पुढे शिकायचं झालं तर कुठे पाठवू लोकांना?

प्रतिसाद

चालेल की, झकास. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या सरकारी संस्थेत चौकशी करा, दिल्लीच्या केंद्राचे व्हिडिओ फुकट बघता येतात. यूट्यूबवर अमेरिकन साइनचे धडे ढीगभर आहेत, सुंदर आहेत, पण ते शिकून ठाण्यातल्या डेफ माणसाशी बोलायला जाऊ नका.

कार्यक्रमात ताईंना खिडकीकडे पाठ करून उभं करू नका, उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो आणि वर लिहिलंय तसं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. दुभाष्याला ताईंच्या समोर, पहिल्या रांगेत खुर्ची द्या. प्रश्न विचारणाऱ्याने दुभाष्याकडे नाही, ताईंकडे बघून विचारायचं, 'त्यांना विचारा ना' असं नाही. आणि मध्ये चहाचे ट्रे घेऊन कोणी फिरू नका, इथे मध्ये येणं म्हणजे बोलणं तोडणं.

उपप्रतिसाद

टाळ्या दोन्ही हात वर करून हलवायच्या, तेवढं आधीच सांगून ठेवा लोकांना.