कॅम्पच्या नुसत्या फीनं भागत नाही हो

कुणीतरी विचारलंय, अमेरिकेतले लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) समर कॅम्प फी घेतातच, मग चर्चनं वेगळा हातभार कशाला लावायचा? वॉशिंग्टन राज्यातलं होल्डन व्हिलेज बघा. (ते नुसतं मुलांचं शिबिर नाही, सगळ्या वयाची माणसं येतात.) तिथली तांब्याची खाण १९५७ साली बंद पडली आणि पुढं खाणकामगारांचं अख्खं गाव लुथरन मंडळींकडं आलं. बाहेरून तिथं थेट गाडीरस्ता नाही. लेक शेलानमधून बोट, मग बसनं घाट चढायचा. कणकेच्या पोत्यापासून सगळं असंच वर न्यायचं. २०१५ च्या वणव्यात गाव रिकामं करावं लागलं. हा खर्च फीमध्ये कसा बसवणार?

मुलांच्या कॅम्पांत कौन्सेलर, म्हणजे मुलांना सांभाळणारे, बहुतेक कॉलेजची पोरं. रात्री घरच्या आठवणीनं रडणाऱ्या मुलाला समजवायचं, सकाळी त्याच उत्साहानं गाणी म्हणायची. डायरेक्टरचं खरं काम या पोरांना झोप आणि सुट्टी वेळेवर मिळते का, हे बघणं. बायबलचे धडे त्यानंतर, माझ्या मते तरी.

आणि मदत म्हणजे चेकच हवा असं नाही. हंगामाआधी केबिन झाडायला, धक्क्याच्या फळ्या बदलायलाही माणसं लागतात.